परीक्षक क्रमांक एक

१ जानेवारी, सकाळी ६.१०
या वर्षी शिस्त. रोज एक तास लेखन. परीक्षणाला आलेल्या प्रत्येक लेखावर तीन आठवड्यांत अभिप्राय. मैद्याचा पोरोट्टा बंद. वेंबनाड सरोवरातल्या काळ्या शिंपल्यावर बोलायचं म्हटलं की लोक आधी कुरूपचं, म्हणजे माझं, नाव घेतात. सव्वीस वर्षांचं काम आहे. ज्ञान भरपूर आहे, फक्त थोडी आखणी हवी.
बायकोने, वत्सलाने, न्याहारीला तांदळाचा पुट्टू आणि हरभऱ्याचं कडला केलं होतं. खाऊन जरा आडवा झालो. उठलो तेव्हा साडेदहा. सुट्टीच आहे म्हणा.

९ जानेवारी
लिन्सी कुरियाकोस केबिनमध्ये आली. माझी पीएचडीची विद्यार्थिनी. हुशार आहे, पण घाई फार. लेखाचा मसुदा टेबलावर ठेवून गेली. सरोवरातल्या बंधाऱ्याची दारं बंद असतात तेव्हा शिंपल्यांच्या पिल्लांचं काय होतं, असा विषय. तीन वर्षं पहाटे होडीतून जायची. मागच्या पावसाळ्यात त्याच पाण्यातून ताप घेऊन नऊ दिवस इस्पितळात होती.
म्हणाली, सर, एकदा नजर टाका, मग पाठवते. म्हटलं, रविवारी बसतो.

३ फेब्रुवारी
लिन्सी पुन्हा आली. म्हणाली, चार रविवार झाले सर. मला हिशोबी बोलणं आवडत नाही. सांगितलं, तुझ्यावर विश्वास आहे, खाली माझं नाव घाल आणि पाठव. गुरूने विश्वास टाकला की विद्यार्थी मोठा होतो. तिने विचारलं, वाचलात का पण? मी म्हटलं, रोख कळला. फक्त मथळा बदल, पुळचट आहे. 'बॅकवॉटर बायॉलॉजी'कडे पाठव. ईपन कोशी संपादक आहे, चोख माणूस.
दुपारी कॅन्टीनमध्ये पोरोट्टा. पुट्टू संपला होता.

११ मार्च
ईपनची मेल. परीक्षणासाठी एक लेख, क्रमांक २१७. विषय काळा शिंपला. अर्थातच माझ्याकडे. मुदत तीन आठवडे.
ईपनची पद्धत मला पटते. लेख आला की ऑफिसातली अन्नम्मा लेखकांच्या नावांचं पान काढून पाकिटात बंद करते, आत त्यांच्या जुन्या लेखांचा उल्लेख असेल तिथे नावाऐवजी 'लेखक' घालते आणि वर नंबर टाकते. लेख कोणाचा हे ईपनलासुद्धा कळत नाही. तो विषय बघून परीक्षक निवडतो आणि परीक्षकांची नावं स्वतःच्या वहीत ठेवतो. अन्नम्मा ती वही बघत नाही. दोघं एकमेकांना विचारतही नाहीत. असा स्वच्छ कारभार आता कुठे राहिलाय?
उद्याच बसतो.

३० मार्च
२१७ चाळला. सारांश, दोन तक्ते, शेवटची संदर्भांची यादी. अनुभवी माणसाला तेवढं पुरतं.
हा लेख आलाप्पुळाच्या पणिक्करच्या टोळीतून आलाय. शंकाच नाही. बंधारा, खारं पाणी, पिल्लं, सगळी त्याचीच आवड. या पणिक्करने मागे एका परिषदेत भर सभेत उभं राहून माझी मोजणी चुकल्याचं सांगितलं होतं. मी ते केव्हाच विसरलोय. १४ नोव्हेंबर होता. दुपारच्या जेवणाआधी.

१४ एप्रिल
विषु, आमचं नवं वर्ष. वत्सलाने माझे डोळे झाकून कणीपुढे, वर्षातल्या पहिल्या शुभ दर्शनाच्या मांडणीपुढे, नेऊन बसवलं. डोळे उघडले तर कोन्नाची पिवळी फुलं, काकडी आणि आरसा. आरशात मी. वर्ष चांगलं जाणार.
ईपनची 'सौम्य आठवण' आली आहे.

६ मे
परदेशातल्या एका मासिकाकडे पाठवलेल्या माझ्या लेखाला आज नऊ आठवडे झाले. उत्तर नाही. कोण परीक्षक आहेत कोण जाणे, मांडीखाली घेऊन बसले असतील. दुसऱ्याच्या वेळेची लोकांना काही पडलेलीच नाही. संपादकाला कडक मेल लिहिली.
ईपनची 'दुसरी सौम्य आठवण'.

२८ मे
लिन्सी विचारत होती, लेखाचं काही कळलं का. तिला कोट्टयमच्या एका कॉलेजात जागा निघाली आहे. कायमची नोकरी. मुलाखत २० ऑगस्टला, पण १९ तारखेपर्यंत एक तरी लेख स्वीकारल्याचं पत्र जोडावं लागतं. नाहीतर अर्ज बाद. वयाची अट असल्यामुळे पुढच्या वेळी तिला बसता येणार नाही. वडील आजारी. मी धीर दिला. म्हटलं, ईपनकडे उशीर होत नाही. झालाच तर एखादा आळशी परीक्षक असेल, मी ईपनच्या कानावर घालतो.
ती गेल्यावर जरा बरं वाटलं. आपल्या शब्दाला वजन आहे.

१६ जून, सकाळी ११
ईपनचा फोन. म्हणाला, अरे कुरूप, दुसऱ्या परीक्षकाने एप्रिलमध्येच कळवलंय, छापण्याजोगा आहे म्हणून. तुझ्यासाठी अडून बसलोय. म्हटलं, खोलात जाऊन बघतोय. मग एका बैठकीत अभिप्राय लिहून काढला. हात आज फार चालला.
लेखकाला या विषयातली माणसं माहीत नाहीत. कुरूपचे पाच लेख पाहावेत (यादी जोडली). शिवाय जागोजागी 'लेखक, २००९', 'लेखक, २०११' असा स्वतःचाच उल्लेख. इतकं आत्मप्रेम बरं नव्हे. शेवटी लिहिलं, लेखकाने पाण्यात पाय तरी घातला आहे का, अशी शंका येते. शिफारस: नाकारावा.
फॉर्मवर एक प्रश्न असतो, हा लेख कोणाचा आहे हे आपल्याला माहीत आहे का? 'नाही'वर खूण केली. पणिक्करचा आहे हे माहीत होतं, पण सिद्ध कुठे करता येतं?
जेवण छान झालं. करिमीन मासा तळला होता.

९ जुलै
लिन्सीचा लेख नाकारला. ती कागद घेऊन आली. डोळे लाल. मी पहिला परिच्छेद वाचला आणि डोकं फिरलं. कसली ही भाषा? एका परीक्षकाने चांगलं म्हटलंय आणि दुसऱ्याने नुसतं विष ओकलंय. ईपनचा नियम असा आहे की दोघांत एकाने जरी नाकारलं तरी लेख परत. मी लिन्सीला म्हटलं, हा परीक्षक गाढव आहे. पणिक्करच असणार. मी आजच्या आज ईपनला निषेधाचं पत्र लिहितो, बघच तू.
ती माझ्याकडे बघत उभी होती. बिचारी हादरली आहे.

१० जुलै
निषेधाचं पत्र लिहायला बसलो. त्यासाठी अभिप्राय पूर्ण वाचला.
तिसरा मुद्दा, कुरूपचे पाच लेख पाहावेत. वाटलं, गाढव असला तरी वाचन आहे.
मग पुढचा मुद्दा. आणि शेवटचं वाक्य.
वर क्रमांक होता, २१७. माझ्या फायलीतला काढून पाहिला. तिथेही २१७. तक्ते तेच. 'लेखक, २००९' म्हणजे मी.
फाईल बंद करून पुन्हा उघडली. पंखा चालू होता. वत्सलाने दोनदा जेवायला बोलावलं. भूक नाही म्हटलं. मग जेवलो.

११ जुलै
शांतपणे विचार केला. चूक माझी एकट्याची नाही. पद्धतच सदोष आहे. अन्नम्माला लेखक माहीत, ईपनला परीक्षक माहीत, आणि दोघांना मिळून काहीच माहीत नाही. असा कारभार कुठे असतो का?
उपाय साधा आहे. ईपनला चार ओळी लिहायच्या, की परीक्षक मीच होतो आणि लेखावर माझंही नाव आहे, तेव्हा माझा अभिप्राय रद्द धरावा. मग दुसरा अभिप्राय उरतो, तो छापा म्हणतो. आठ दिवसांत पत्र निघेल. १९ ऑगस्टला पाच आठवडे आहेत. भरपूर.
सोमवारी लिहितो.

१८ जुलै
ईपनचा फोन. मीच करणार होतो. तो म्हणाला, कुरूप, २१७वरचा तुझा अभिप्राय मी नव्या परीक्षकांना नमुना म्हणून दाखवतोय. नाव अर्थात झाकून. आणि म्हणाला, संपादक मंडळावर तुला घ्यायचं जवळजवळ ठरलंय, १६ ऑगस्टला बैठक आहे. अकरा वर्षं मी या निरोपाची वाट पाहतोय.
सांगणार होतो. पण त्याने मध्येच विचारलं, तुमच्याकडे या वर्षी फणस कसा आहे? त्यावर बरंच बोलणं झालं. मग त्याला दुसरा फोन आला.

२३ जुलै
पत्राचा मसुदा तयार. 'प्रिय ईपन' की 'आदरणीय संपादक महोदय' हे ठरत नाही.
लिन्सीने विचारलं, सर, पत्र गेलं का? म्हटलं, शब्द जपून वापरावे लागतात. ती हो म्हणाली.

१ ऑगस्ट
बारीक विचार करता, १६ तारखेची बैठक होऊन जाऊ दे. एकदा मंडळावर आलो की माझ्या शब्दाला जोर येईल आणि काम जास्त चांगलं होईल. १६ नंतर तीन दिवस उरतात. आजकाल मेल एका मिनिटात पोचते.
म्हणजे उशीर तिच्याच भल्यासाठी आहे.

७ ऑगस्ट
वत्सला म्हणाली, तुम्ही बरे आहात ना? दोन दिवस पेपर उलटा धरून बसताय. म्हटलं, हवा दमट आहे. ती म्हणाली, केरळात हवा दमट आहे हे तुम्हाला एकसष्टाव्या वर्षी कळलं का?
तिला सांगावंसं वाटलं. ती तीस वर्षं शाळेत शिकवत होती, लगेच वही मागेल आणि पत्र लिहून घेईल. म्हणून नाही सांगितलं.
लिन्सीने हल्ली विचारणं सोडलंय. प्रयोगशाळेत येते, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावते, जाते. स्थिरावली असं वाटतं.

१६ ऑगस्ट, दुपारी ४
बैठक झाली. नाव मंजूर. ईपनचा मेसेज आला, अभिनंदन. वत्सलाने पायसम केलं. चव नीट कळली नाही.
उद्या नक्की.

१७ ऑगस्ट
रविवार. ईपन चर्चला जातो, मग त्याच्याकडे पाहुणे असतात. अशा दिवशी असल्या गोष्टी काढू नयेत.

१८ ऑगस्ट
मेल लिहिली. चार ओळी. वाचली. पुन्हा वाचली. एक स्वल्पविराम काढला. 'पाठवा' असं बटण असतं, त्याच्याकडे पाहत बसलो. मग वीज गेली. यात माझा काय दोष?
वीज वीस मिनिटांत आली.

१९ ऑगस्ट
आज मुदत. आज मेल पाठवली तरी ईपन एका दिवसात पत्र देणार नाही. त्यामुळे आता पाठवण्यात अर्थ नाही. हे नीट समजून घेतल्यावर एक प्रकारची शांतता आली. तिला शांतता म्हणावं का, माहीत नाही. काहीच वाटत नाही, एवढंच.

२२ ऑगस्ट
लिन्सी आली. प्रयोगशाळेची किल्ली टेबलावर ठेवली. म्हणाली, त्रिशूरला मामांच्या औषधांच्या एजन्सीत जाते आहे, एक तारखेपासून. मी म्हटलं, पुढच्या वेळी बघू. ती म्हणाली, पुढची वेळ नाही सर, वय संपलं.
मी ईपनबद्दल काहीतरी सुरू केलं. पद्धत, पाकीट, वही. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, सर, मला नऊ जुलैलाच कळलं होतं. पाण्यात पाय तरी घातला आहे का, हे वाक्य तुम्ही वर्गात दर वर्षी सगळ्यांना म्हणता. आणि तुमचे पाच लेख वाचायला सांगणारं जगात दुसरं कोण आहे?
मी विचारलं, मग तू ईपनला का नाही कळवलंस?
ती म्हणाली, मी कळवलं असतं तर तुमचं हसू झालं असतं, मंडळावर घेतलं नसतं तुम्हाला. तुम्ही स्वतः कळवलं असतं तर लोक म्हणाले असते, काय सरळ माणूस आहे. म्हणून थांबले. मला वाटलं, सर लिहितील. एकोणीस तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत वाटत होतं.
मग म्हणाली, काळजी घ्या सर. वत्सला टीचरना विचारलं म्हणून सांगा.
छत्री विसरली होती. परत येऊन घेऊन गेली.

२४ ऑगस्ट, सकाळी
लिन्सीचा लेख आज पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला. पन्नास मिनिटं लागली.
चांगला आहे.