जमादाराची आंघोळ

फुलसावंगी,
रविवार, ९ जुलै १९६१

चि. सौ. हंसाबाईस डोंगरसिंग मास्तरचे (म्हणजे तुझ्या सख्ख्या थोरल्या भावाचे, विसरली असशील म्हणून लिहिलं) अनेक आशीर्वाद. सासू-सासरे, जावई आणि त्यांची ती मारकी म्हैस, सगळ्यांना राम राम. इकडे बा बरा आहे, याडीचे गुडघे पावसानं कुरकुरतात. लग्नाला दोन महिने झाले, तुझी दोन पत्रं आली. दोन्ही मीच याडीला वाचून दाखवली (तांड्यात दुसरं कोण वाचणार?). त्यांत बाची चौकशी दोनदा, धवळ्या बैलाची एकदा आणि जमादार कासवाची चारदा. माझं नाव सापडेना म्हणून मी पाकीट उलटं करून झटकलं. तू रागावली आहेस हे मला कळतं. का रागावलीस तेही कळतं. पण तिकडे मी सावकाश येतो, आधी जमादाराचं.

हळदीच्या आदल्या दिवशी तू मला बजावलंस, दर रविवारी त्याला आंघोळ घाल, पण घाबरू देऊ नको. कशी घालायची ते सांगितलं नाहीस. पहिल्या रविवारी मी विहिरीचं गार पाणी परातीत ओतलं आणि त्याला वरून उचलून आत ठेवलं. त्यानं फुस्स केलं, पाय-डोकं आत ओढलं आणि माझ्या शाळेच्या धोतरावर लघवी केली. (पाच वर्षं आपल्या घरची काकडी खाऊन!) दुसऱ्या रविवारी पाणी कोमट केलं, बोटभरच घेतलं, पोटाखाली हात देऊन उतरवलं. तरी तो बंदच. तिसऱ्या रविवारी चौथीच्या पोरांना समजावतो तसं त्याला शांतपणे समजावलं, तर त्यानं चार दिवस काही खाल्लं नाही. मग मात्र मी घाबरलो. तू एवढं एकच काम माझ्यावर सोपवून गेलीस आणि तेही माझ्या हातून होईना. शेवटी याडी म्हणाली, हंसा त्याला आंघोळ घालताना ढावलो म्हणायची.

हे मला नवीन होतं. सासरी निघताना आपली पोर एकेकाच्या गळ्यात पडून रडत रडत, ज्याचं त्याचं कडवं गात जो ढावलो म्हणते, तो म्हणे तू वर्षभर जमादाराला पाणी घालता घालता पाठ करत होतीस. आता ढावलो बायकांचा. पुरुषानं म्हटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. पण कासव उपाशी, मी काय करू? घरामागे परात नेली, आजूबाजूला कोणी नाही असं बघितलं आणि बारीक आवाजात याडीचं कडवं सुरू केलं. जमादारानं एक पाय बाहेर काढला. बाच्या कडव्याला दुसरा पाय. धवळ्याच्या कडव्याला डोकं. तेवढ्यात पाण्याला निघालेल्या लालीबाईच्या कानावर ते पडलं. तांड्यात लग्न नसताना कोणाची पोर सासरी निघाली म्हणून ती घागर टाकून, पदर डोळ्याला लावूनच आली आणि तिच्यामागून आणखी पाचजणी. परातीपुढे मास्तर बघून त्या हसतील असं मला वाटलं होतं. पण साही जणी तिथंच बसल्या आणि आपापलं माहेर आठवून मनसोक्त रडल्या. मधोमध जमादार मान लांब करून निवांत. आता त्या दर रविवारी येतात. (मागच्या खेपेला जमनाबाई घरून पाट घेऊन आली.)

पण बाई, धवळ्याच्या कडव्यापुढे माझं गाणं सरकत नाही. आज लालीबाईनं विचारलंच, "मास्तर, भावाचं कडवं काहून नाही म्हणत?"

विसरलो म्हणालो. खोटं बोललो. तू याडीच्या गळ्यात पडलीस तेव्हा मी अंगणात होतो, बाच्या वेळीही होतो. धवळ्याच्या मानेला तू मिठी मारलीस आणि मला कळलं, आता माझी पाळी. तेव्हा बैलांना वाटेत कडबा लागेल असं सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं म्हणत मी गंजीमागे गेलो आणि गाडी तांड्याबाहेर पडेपर्यंत तिथंच उभा राहिलो. गाडीत कडबा सकाळीच भरलेला होता. चाळीस पोरांना दरडावणारा मी. तुझ्या तोंडून माझं नाव ऐकलं असतं तर सगळ्यांदेखत रडलो असतो, म्हणून पळालो. तू दोनदा हाक मारलीस. ती मी ऐकली होती. तेव्हापासून मला घरात बरं वाटत नाही.

असो. इकडे पेरण्या आटोपल्या. तिकडचं कळव, आणि या पत्राचं उत्तर बाच्या नावानं नको, माझ्या नावानं घाल.

तुझा भिया,
डोंगरसिंग

ता. क. एक खरं सांगून टाकतो. गेल्या मंगळवारी मी परातीशी बसून एकोणतीसचा पाढा म्हणून बघितला. जमादार तसाच मान काढून बसला. त्याला आता माझ्या हाताची सवय झाली आहे. कोमट पाणी आणि पोटाखाली हात एवढं पुरतं, ढावलो लागत नाही. हे तांड्यात कोणाला सांगितलेलं नाही. तूही सांगू नको, बायका यायच्या बंद होतील.

आणखी एक. माझं कडवं पत्रात लिहून पाठवू नको. ते याडीला मलाच वाचून दाखवावं लागेल. तीजेच्या सणाला माहेरी येशील तेव्हा म्हण. अंगणात म्हण, जावयांदेखत म्हण, साऱ्या तांड्यादेखत म्हण. या वेळी मी कुठं जात नाही.