फोटोतला फेटा

अण्णा,

नमस्कार करते, पण रागातच.

रेवूला विशेष मुलांच्या या शाळेत घातलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "पोर बोलंल तिच्या टायमाला. असल्या शाळेत माझी नात जायची नाय." तेव्हापासून आपल्या घरात न बोलणारी माणसं तीन झाली: रेवू, तुम्ही आणि मी.

शाळेत दाराजवळ प्रत्येक मुलाच्या घरच्यांचे फोटो लावलेत. सुटायच्या वेळी, न्यायला कोण येणार त्याचा फोटो मूल हातात धरून बसतं. रेवू रोज माझाच काढायची. आज तिने तुमचा काढला, आमच्या लग्नातला, फेटेवाला. मी गेले तर ती माझ्या मागे बघत राहिली. उठेचना. शेवटी उचलून आणली, तर गंगापूर रोडभर रडली.

हे पत्र मी तुम्हाला देणार नाही. सासऱ्याला एवढं ऐकवायचं धाडस माझ्यात नाही. सकाळी चहा देताना फक्त विचारीन, "अण्णा, मार्केटात फुलं टाकून येताना रेवूला आणाल का?" तुम्ही म्हणाल, "बघू."

लग्नातला फेटा मात्र मी आत्ताच पेटीतून काढून तुमच्या सायकलीवर ठेवलाय.

तुमची सून,
सुवर्णा