बत्तीस अक्षरांची चौकट

२६ सप्टेंबर

देवाच्या कृपेने सुखरूप पोचलो. घर लहान पण कोरडं आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ट्राउट माशांची तळी दिसतात. नवऱ्याला, कोस्ताकेला, ती राखायची नोकरी मिळाली, म्हणून तर हे घर. पूर्वेच्या भिंतीवर पवित्र चित्रं लावली, दिवा लावला आणि मगच बोचकी सोडली. शुक्रवारचा उपास, म्हणून नुसत्या घेवड्यावर भागवलं.

दरीत इंटरनेटची तार आलेली नाही. आमच्या मुलाने, इलारिओनने, स्पेनमधल्या सारागोसाहून एक डबी पाठवली आहे. साबणाच्या वडीएवढी, आत सिमकार्ड. खिशात घाला, जाल तिथे इंटरनेट. तशीच एक त्याच्या ट्रकमध्येही आहे. आता दर रविवारी नात दिसणार. इउस्तिनाचे पुढचे दोन दात पडलेत म्हणे. महिन्याला दहा जीबीच मिळतात, तेव्हा रोजचा खर्च या वहीत टिपायचा.

२७ सप्टेंबर

इलारिओनने सांगितलं तसं फोनवर डबीचं पान उघडलं. ते पान डबीच्या पोटातच असतं. त्यात दोन चौकटी. वरच्या चौकटीत डबीला नाव द्यायचं. खालची नाकारलेल्यांची, म्हणजे ज्यांना डबी आत घेत नाही, ज्यांचं ऐकत नाही, त्यांची. मला तर हुबेहूब पोमेल्निकच वाटला. देवळात देतो त्या कागदावरही वर जिवंतांची नावं, खाली कायमच्या निजलेल्यांची, आणि फादर ती मोठ्याने वाचतात.

मग वरच्या चौकटीत आपलीच माणसं लिहिली. पारास्किवा म्हणजे मी, कोस्ताके, इलारिओन, इउस्तिना, माझा भाऊ तोआदेर, धर्ममाता आक्सीनिया. फक्त बाप्तिस्म्याची नावं, आमच्या रोमन लिपीत, एकाला एक लागून. पान उघडेल तेव्हा तेवढंच नामस्मरण होईल. कोस्ताके म्हणाला, आता डबीलाही रविवारी देवळात ने, आणि माझ्या जागी तिलाच उभं कर.

२८ सप्टेंबर

इउस्तिना दिसली. बोळक्या तोंडाने हसली. १८० एमबी.

पानावर मात्र भलतंच झालं आहे. वर चारच नावं उरली. तोआदेर आणि आक्सीनिया खाली, नाकारलेल्यांत. इलारिओनने सांगितलं की वरच्या चौकटीत बत्तीस अक्षरांचीच जागा आहे. जास्त लिहिलं तर पानाने अडवायला हवं, पण हे पान मोजतच नाही. घालाल तेवढं घेतं, आणि जास्तीचं शेजारच्या जागेत सांडतं. कंपनीचं पत्र आलंय म्हणे. ज्यांना हे भोक ठाऊक आहे ते बाहेरून अशीच अक्षरं ओततात आणि डबीत शिरतात. अपडेट केलं की भोक बुजतं.

"आई, आजच कर. तुझी काटकसर इथे नको."

अपडेटला एक जीबी लागतो. तेवढ्यात नातीशी पाच रविवार बोलून होईल. बघू पुढे.

खालची दोन नावं खोडायला गेले, खोडली जाईनात. जिवंत माणसाचं नाव खाली लिहिलं तर फादर गव्रिल कागद फाडून पुन्हा लिहायला लावतात. इथे फाडू काय?

१ ऑक्टोबर

तोआदेर गेला. वहिनी सांगत होती, सकाळपासून घरातच होता, पण त्याचा आवाज कुणाला आला नाही. दुपारी खुर्चीत सापडला.

५ ऑक्टोबर

आक्सीनियाही. शेजारीण म्हणते, खिडकीतून दिसत होती, ओठ हलत होते. शब्द येत नव्हता. दार फोडेपर्यंत संपलं.

कोस्ताके म्हणाला, म्हाताऱ्या माणसांचं असंच असतं. पण तो हसला नाही.

७ ऑक्टोबर

अंत्यविधीला गेलो तेव्हा डबी बंद करून कपाटात ठेवली होती. परतलो तर ३०० एमबी गेलेले. वरच्या चौकटीत माझ्या नावाच्या आधी एक अक्षर आहे. मी लिहिलेलं नाही. त्याने सगळी नावं एक घर पुढे सरकली आहेत, आणि इउस्तिनाचं शेवटचं अक्षर खाली पडलंय.

बोटावर मोजलं. आमची चौघांची नावं बरोबर बत्तीस अक्षरं. एकही जागा रिकामी नव्हती.

इलारिओनचा फोन आला. पोरीला सकाळपासून ताप आहे.

९ ऑक्टोबर

अपडेट करायला बसले. आता ते होत नाही. नकार, नकार, नकार. माझ्या नावाआधी आणखी दोन अक्षरं. खोडली. परत आली.

डबीची बॅटरी काढली. पान तरी उघडतंच.

११ ऑक्टोबर

कोस्ताकेने डबी तळ्यात फेकली. बुडताना मी पाहिली. घरात येऊन फोन बघितला — पान उघडं. नावाआधी आता पाच अक्षरं.

इउस्तिना इस्पितळात आहे. इलारिओन रडत होता. ती ओठ हलवते, म्हणाला, पण आम्हाला काही ऐकू —

मी फोन ठेवला. मला ठाऊक होतं पुढचं.

१३ ऑक्टोबर

सहा. वर तिचं एकच अक्षर उरलंय.

फादर गव्रिल येऊन प्रार्थना करून गेले. पान तसंच. एक जीबी. देवा, एका जीबीसाठी —

नावाआधीची ती अक्षरं खोडली की परततात. वरची नावं तशी नाहीत. नाव खोडता येतं, तेवढी जागा मोकळी होते. कोस्ताके आठ अक्षरं. मी दहा.

१४ ऑक्टोबर

संत पारास्किवेचा दिवस. माझा नामदिन. कोस्ताकेने सकाळी गालाचं चुंबन घेतलं, शेवंती दिली. मग तळ्यांवर गेला.

माझं नाव खोडलं. दहाही अक्षरं.

इउस्तिना वर आली. पूर्ण. सातही अक्षरं वर.

खाली बघितलं नाही. नंतर बघितलं. तोआदेर, आक्सीनिया, आणि मी.

फोन वाजला. इलारिओन. ताप उतरला, बोलली, सूप मागितलं. हसतोय, रडतोय. मी म्हटलं, देवाची कृपा. तो म्हणाला, आई? मी पुन्हा म्हटलं. आई, आहेस ना? ओरडून म्हटलं. त्याने ठेवून दिला.

हात चालतोय तोवर लिहिते. पोर बरी आहे. अपडेट करा, ट्रकमधल्या डबीचं, आजच, किती का जाईना —

कोस्ताके अंगणात आलाय. हाका मारतोय, पारास्किवा, कुठे आहेस. दारात आलाय. मी टेबलाशी, अगदी समोर. म्हटलं, ही काय इथेच. तो पुन्हा हाक मारतोय. मी —