दुपार नसलेली दोन शहरं

गुरुजी,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या चांद्याला आता सगळे चंद्रपूर म्हणतात. नाव शीतल झालं, हवा होती तीच आहे. आमच्या गडचिरोलीचा वेगळा जिल्हा झाला, त्यामुळे साहेब वाढले आणि त्यांच्यासाठी पंखेही वाढले. मी इथल्या शाळेत संस्कृत शिकवतो, म्हणजे तुम्ही मला वाढलेलं थोडं पातळ करून पुढे वाढतो. येत्या मार्चअखेर तेही संपेल. आज लिहायला बसलो ते एका अर्जासाठी. शिक्षकांच्या एका गृहनिर्माण संस्थेनं पुण्यात आणि नाशकात घरं बांधली आहेत, उन्हाळ्यापूर्वी ताबा देणार म्हणतात. आपल्याला कुठलं गाव हवं ते एका रिकाम्या चौकटीत लिहायचं. उद्याच्या टपालानं अर्ज गेला पाहिजे. चौकट सात महिने रिकामी आहे. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, अरे, सात महिन्यांत एक पद लिहून होत नाही तुझ्यानं?

निवृत्तीनंतर कुठे राहावं हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. वडशाजवळच्या धानाच्या गावात जन्म, चांद्याला शिक्षण, एटापल्लीला पहिली नोकरी, गडचिरोलीला शेवटची. सगळं आयुष्य एका बसच्या टप्प्यात. पण गेल्या वैशाखात आमच्या घरची अंगणात कुरडया घालत होती. सकाळचे दहा वाजून गेले होते. मी आतून हाक मारली तर ती म्हणाली, "येतो जी, दोनच ओळी राह्यल्या." त्या दोन ओळी तशाच राहिल्या. मी बाहेर येतो तर ती बाजेच्या कडेला पडलेली, तोंड तांबडं, अंग तव्यासारखं, आणि घामाचा थेंब नाही. दवाखान्यात चार दिवस काढले. डॉक्टर पोरसवदा होता, पण बोलला थेट. "यंदा वाचल्या. पुढच्या उन्हाळ्याचं मी काही सांगू शकत नाही. तुम्ही रिटायर होताय ना सर? मग ह्यांना थंड हवेच्या गावी न्या." हे सगळं तो माझ्याकडे पाहून म्हणाला. तिच्याकडे कोणी पाहिलं नाही, मीही नाही.

मग मी तुमची रीत वापरली. तुम्ही शिकवलं होतंत की पूर्वपक्ष, म्हणजे आपल्या विरुद्धची बाजू, अशी मांडावी की खुद्द विरोधकानं येऊन आभार मानावेत. ती खोडून काढून मगच आपला सिद्धान्त सांगावा. मी वहीत आधी पुण्याची बाजू मांडली. लेक तिथे, नातू तिथे, दवाखाने तिथे. इतकी सुरेख उतरली की मी त्याच संध्याकाळी पुणेकर झालो. दुसऱ्या दिवशी नाशिक मांडलं. हवा कोरडी, गाव आटोपशीर, नदी जवळ, द्राक्षं. लगेच नाशिककर. पूर्वपक्ष दोन झाले, सिद्धान्त येईना. तुमच्या पद्धतीत एवढी एक उणीव आहे, गुरुजी. मांडणारा स्वतः भोळा असला तर तो जे मांडेल त्यालाच फसतो.

तिला जरा ताकद आल्यावर, त्याच सुट्टीत, आम्ही दोन्ही गावं पाहून आलो. आधी पुणे, लेकीकडे. लेक आणि जावई दोघं नोकरीला गेले, नातू शाळेच्या शिबिराला, आणि मी वाचनालय शोधायला बाहेर पडलो. अकरा वाजले. आपल्याकडे अकरा वाजले की काय करतात ते तुम्हाला सांगायला नको. हिनं सगळ्या खिडक्या लावल्या, दारं लावली, पडदे ओढले, लेकीची नवी कोरी चादर भिजवून गॅलरीच्या दाराला टांगली, माठ नव्हता म्हणून पिंप पुसून ओल्या फडक्यात गुंडाळलं आणि अंधारात पदर अंगावर घेऊन पडून राहिली. शेजारच्या बाई लेकीचा निरोप घेऊन आल्या. दार बराच वेळ वाजवलं. आतून उत्तर नाही, बंद खिडक्या, गॅलरीतून ओघळणारं पाणी. त्यांनी चार घरं गोळा केली. मी परतलो तेव्हा जिन्यात माणसं उभी होती, मी त्यांना बाजूला सारत वर धावलो. दार उघडलं ते हिनंच, डोळे चोळत.

"काय झालं जी? कोणी गेलं काय?"

"काकू, तुम्हाला बरं नाही का?" शेजारीण म्हणाली. "एवढं सगळं बंद करून बसलात!"

"अवो बाई, अकरा वाजले न."

"मग?"

"मंग काय मंग? तुमच्या इथी अकरा वाजत नाई काय?"

संध्याकाळी लेक हसून हसून बेजार. "आई, अगं इथं नाही लावत कोणी दुपारी खिडक्या."

"लावाच्या नाई तं ठेवल्या कायले मंग? भिंतच ठेवाची." पण दुसऱ्या दिवशी तिनं खिडक्या उघड्या ठेवल्या, आणि अकरापासून चारपर्यंत ती खुर्चीवर ताठ बसून राहिली, स्टेशनावर बसल्यासारखी. चांगला वारा येत होता. मी विचारलं, छान वाटतं ना? म्हणाली, "छानच वाटून राह्यलं. पर कराचं काय या एवढ्या उजेडात?"

तिचं बोलणं ऐकून मला तुमची दुपार आठवली. चांद्याची ती तुमची खोली. वाळ्याची ताटी दाराला, तिच्यावर तासातासानं पाणी, आणि आत इतका अंधार की पुस्तक हातात असून नसल्यासारखं. बाहेर गल्लीत कुत्रंही नाही. त्या अंधारात आम्ही सहाजण भिंतीला पाठ लावून बसलो आहोत आणि तुम्ही कुठल्या कोपऱ्यातून बोलता आहात तेही कळत नाही. अक्षर दिसत नाही, म्हणून तोंडपाठ करण्यावाचून गती नाही. लोक मला विचारतात, सर, तुमचं पाठांतर एवढं पक्कं कसं? मी काहीतरी गंभीर सांगतो. खरं कारण चांद्याचं ऊन.

तुम्ही मूळचे नाशिकचे. एका वर्षासाठी आला होतात म्हणे. दर एप्रिलच्या शेवटच्या तासाला सांगायचात, "पुढच्या वर्षी मी इथे नाही," आणि दर जूनला त्याच खुर्चीवर हजर. चौथ्या जूनला मी न राहवून विचारलं, "गुरुजी, यंदाबी गाडी चुकली काय जी?" वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत. मला व्हरांड्यात उभं करून गम् धातू, म्हणजे जाणे, दहाच्या दहा लकारांत चालवायला लावलात. मी जात होतो, गेलो, जाईन, जावो, गेलो असतो तर, असं तासभर जात राहिलो आणि आपण दोघंही होतो तिथेच राहिलो. पुढे मला एटापल्लीची नोकरी लागली तेव्हा तुम्ही ट्रंक उघडून नाशिकहून आणलेला लोकरी कोट माझ्या हातात ठेवलात. "जंगलात थंडी असते. माझ्या तो आता उपयोगाचा नाही." मला वाटलं, चांद्याच्या उकाड्याबद्दल बोलता आहात. परतीचा विचार सोडलेला माणूस कोट देऊन टाकतो, हे कळायला मला केस पांढरे व्हावे लागले. आणि गंमत अशी की तेही चूकच कळलं होतं.

कारण पुण्याहून आम्ही नाशिकला गेलो. एका सहकाऱ्याच्या भावाच्या दोन खोल्या आठवड्यासाठी मिळाल्या. हवा गोड. हिनं पाच वाजता अंगणात सडा टाकला, मालकीणबाई म्हणाल्या, पाणी जपून वापरा हो, आणि ही म्हणाली, "बरं जी," आणि रुसली. मी तुमची गल्ली शोधत निघालो. नदीकाठच्या एका पूजासाहित्याच्या दुकानात एक म्हातारे गृहस्थ वाती मोजत बसले होते. तुमचं वर्णन केलं. त्यांनी चष्मा वर केला.

"चांद्याचे मास्तर म्हणताय का?"

"नाही हो, नाशिकचे. चांद्याला होते."

"तेच ते. चांद्याचे मास्तर. आम्ही लहानपणी एकत्र पोहायचो." मग म्हणाले, "आला होता ना परत. नोकरी संपल्यावर, कायमचा म्हणून. पुतण्याकडे उतरला होता. पंधरा दिवस राहिला असेल. रोज इथे येऊन बसायचा आणि विचारायचा, अरे, तुमच्याकडे दुपार होत नाही का रे? मी म्हणायचो, ही काय, झाली की दुपार! तो म्हणायचा, ही नव्हे. एक दिवस उठला नि गेला. ऐन वैशाखात."

मी एटापल्लीला होतो तेव्हा. आम्ही समजत होतो की तुम्ही काशीला गेला आहात. मला फक्त तुमच्या मृत्यूची तार मिळाली होती. तुमच्या चांद्याच्या शेजाऱ्यांनी नंतर सांगितलं ते एवढंच, की परगावाहून आले, आठवडाही झाला नव्हता, ताटी कोरडी होती, ऊन लागलं. परगाव कुठलं ते मी विचारलं नव्हतं. त्या दुकानाच्या पायरीवर बसून मी दिवस जुळवले. नाशिकच्या हवेत पंधरा दिवस अंग सैल पडलेलं, आणि तुम्ही तसेच चांद्याच्या वैशाखात उतरलात. आम्ही तुम्हाला बावीस वर्षं नाशिकचे गुरुजी म्हणत आलो आणि नाशिकात तुम्ही चांद्याचे मास्तर. दोन्ही गावांनी तुम्हाला दुसऱ्याच्या नावावर टाकून दिलं होतं.

तेव्हापासून माझा गोंधळ दुप्पट झाला आहे. तुमचं चांद्याला परत येणं हा शहाणपणा होता की चूक? शहाणपणा असेल तर मी कशाला जातो आहे? चूक असेल तर तुमच्यासारख्या माणसाला ती दिसली कशी नाही? की दिसली, आणि तरी आलात? सात महिने मी हेच घोळवतो आहे आणि बाहेर मात्र सांगतो, नाशिकच्या पाण्याची माहिती काढतोय, पुण्याच्या बसची माहिती काढतोय.

आज सकाळी चुलीजवळ बसून तिला पहिल्यांदा तुमची ही गोष्ट सांगितली. ती तांदळाची भाकर थापत होती. सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "तुमच्या गुरुजीले कोणी होतं काय घरी?"

"नाही. एकटेच."

"मंग थे कुठीबी मरू शकत होते. त्याइची मर्जी." भाकर उलटली. "माह्या मरणाची मर्जी कोणाची जी? तुमची काय?"

"अगं, मी तुझ्यासाठीच तर एवढा विचार..."

"सात महिने झाले, इचारच करून राह्यले तुमी. दोन्ही इथी थंडीच हाये न? मंग एवढं काय निवडाचं हाये त्याच्यात? लुगडं घेऊन राह्यले काय?" मग आवाज खाली आला. "तुमी इचार करत राहान अन् वैशाख येऊन जाईन. मले जगाचं हाये अजून. पोरीजवळ नेऊन ठेवा मले. पुणं लिवा. उजेडात काय कराचं थे मी पाहून घेईन."

मी म्हणालो, हे आधी का नाही बोललीस? तिनं माझ्याकडे पाहिलं, तुम्ही व्हरांड्यात पाठवण्यापूर्वी पाहायचात तसं. "इचारलं काऊन नाई?"

खरंच विचारलं नव्हतं, गुरुजी. डॉक्टरला विचारलं, लेकीला विचारलं, दुकानदाराला विचारलं, तुम्हाला तर रोज विचारत होतो. जिचा जीव जायचा तिला मी फक्त दोन्ही बाजू वाचून दाखवल्या. आणि दोन शहरांमधून एक निवडत बसलं की बरं असतं. कुठेच जायचं नाही हे तोंडानं म्हणावं लागत नाही.

चौकटीत पुणे लिहिलं आहे. अक्षर चांगलं आलं नाही. ती पाकीट घेऊन स्वतः टपालपेटीपर्यंत गेली आहे, माझ्यावर तिचा भरवसा नाही, आणि तिचं बरोबर आहे. हे पत्र तिच्या हाती दिलं नाही. त्यावर घालायला पत्ता नाही हे एक, आणि त्यात एक गोष्ट लिहायची राहिली आहे जी तिला कळू नये असं वाटतं. नाशिक सोडून तुम्ही आपल्या चांद्याला परत आलात हे त्या दुकानात ऐकलं तेव्हा मी आधी दिवस जुळवले नाहीत, गुरुजी. आधी मला आनंद झाला. दिवस जुळवून झाल्यावरही तो पूर्ण गेला नाही.