गायीची पोळी

आई, तुला वाचता येत नव्हतं, तरी लिहिते. कॅलेंडरच्या फाडलेल्या पानाची मागची बाजू कोरी होती, ती घेतलीय. काल सूनबाईनं मला छावणीतलं ते घर दाखवायला नेलं, तू जिथं स्वयंपाकाला जायचीस ते. तिथल्या धाकट्या मुलाला तू शेवटपर्यंत ‘आपला बाळ’ म्हणालीस. तो मोठा लेखक झाला, वारला, आणि आता त्याच्या लहानपणाच्या घराचं स्मारक केलंय. त्यानं तुला पुस्तकात घेतलंय असं कुणीतरी सांगितलं, तेव्हा तू देवापुढं साखर ठेवली होतीस. मी ते पुस्तक कधी वाचलं नाही. मॅट्रिकनंतर माझ्या हातात आल्या त्या पोथ्या आणि घरखर्चाची वही.

देवळात शिरावं तशी मी आत गेले. स्वयंपाकघरात बघते तर तूच उभी. फायबरचा पुतळा, डोळे तिरके, आणि पदराखालून अर्धी पोळी बाहेर आलेली. माहिती सांगणारी मुलगी म्हणाली, “ही पोळीचोर मावशी! सगळ्यांचं आवडतं पात्र. रोज पहिली पोळी पळवायची.” सगळे हसले. एक बाई म्हणाली, “आमची कामवाली तर तेलबी नेती गं!” सूनबाईही हसली. तिला काय माहीत?

तू तव्यावरची पहिली पोळी बाजूला काढायचीस. गायीची. त्या घरात तशी चाल नव्हती, म्हणून मालकिणीला आधी विचारून घेतलेलं. धूळ बसू नये म्हणून ती पदराखाली धरायची आणि नाल्याजवळच्या गोठ्यात देऊन मगच घरी यायचं. एकदा वाटेत मी तिचा कोपरा मोडून तोंडात घातला, तर तू बोट घालून तो बाहेर काढलास. “देवाच्या नावानं काढलेलं खातीस व्हय गं?” मला भूक लई लागली होती. तुझ्या दुसऱ्या बाजूला तुझा तो बाळही चालत होता. पोळी रोज त्याच्याच हातून द्यायचीस. गायीची जीभ हाताला लागली की खिदळायचा. त्याला ठाऊक होतं, आई. पोटच्या पोरीच्या तोंडातून तू काढून घेतलेला घास त्यानं डोळ्यांनी पाहिला होता. तरी चारचौघांना हसवायला त्यानं तुला चोर केलं.

मी त्या मुलीला म्हटलं, “पोरी, ती पोळी गायीची होती. माझी आई आहे ती.”

“अय्या, खरंच? पण आजी, पुस्तकात गाय नाही.”

“पुस्तकात नाय. गोठ्यात होती.”

तिला ते ऐकूच गेलं नाही. ती सगळ्यांना हाका मारायला लागली, “अहो, या इकडं, पोळीचोर मावशीची मुलगी आलीय!” मला फोटोसाठी पुतळ्याशेजारी उभं केलं. कुणी म्हणालं, “आजी, जरा जवळ सरका.” मी सरकले.

हिशोबाला बसले की माझं मन थाऱ्यावर येतं. आज तेही झालं नाही. आरतीत तोंड चाललं होतं, लक्ष नव्हतं. त्याला शिव्या द्याव्या म्हटलं, तर तू मध्ये येतेस, ‘आपला बाळ’ म्हणत. मग तुझाच राग येतो. हा कागद पोथीच्या कापडात बांधून ठेवते, दुसरं कुठं पाठवणार?

सूनबाईनं तो फोटो घरच्या ग्रुपवर टाकलाय. सगळे छान छान म्हणतायत. मी चष्मा लावून पाहिला. आई, त्यात मी हसतेय.