धाकटा कण

३ फेब्रुवारी
आजपासून नियमित रोजनिशी. पीएचडीचं सातवं वर्ष, पण आता फक्त शेवटचा टप्पा. माझा वालुकाश्म तीनशे कोटी वर्षांचा आहे हे मला तो पाहताक्षणीच कळलं होतं. त्यातल्या झिरकॉन खनिजाच्या कणांवरून वय काढणं ही निव्वळ फॉर्मॅलिटी. बायकोची बदली झालीय, १ जूनला हजर व्हायचंय. मे संपायच्या आत थिसिस देतो, लेकीला, चिमणीला घेऊन तिघं एकत्रच जाऊ, असं तिला सांगितलं. ‘बरं’ म्हणाली. विश्वास आहे बिचारीचा.

१९ फेब्रुवारी
दगड कुटला, धुतला, चाळला. उरली मूठभर वाळू. त्यातून मायक्रोस्कोपखाली सुईने झिरकॉन वेचायचे. मिठाच्या कणाहून बारीक. तीनशे हवेत. आज अकरा. दमदार सुरुवात.

७ मार्च, दुपार
एकशे सत्तर झाले होते. शिंकलो. आता एकोणचाळीस. टेबलाखाली तासभर रांगलो. गाइड मॅडम दारातून बघून गेल्या. जाताना दार हळूच ओढून घेतलं. चांगलं लक्षण.

२ एप्रिल
प्रस्तावना आणि आभार लिहून हातावेगळे. आभार साडेचार पानं. कण नव्वद. मॅडम म्हणाल्या, नव्वद तर नव्वद, वय मोजायच्या लेझर मशीनची तारीख मिळालीय, ती घालवू नकोस.

६ मे
निकाल! एकोणनव्वद कण तीनशे कोटींच्या वरचे. एक बावन्न कोटींचा. मॅडम म्हणाल्या, वाळू आधी, दगड नंतर. तेव्हा दगड त्यातल्या सगळ्यात धाकट्या कणापेक्षा म्हातारा असूच शकत नाही. मला माहीत आहे. फर्स्ट इयरला मीच शिकवतो. पण एकोणनव्वद विरुद्ध एक! नक्कीच चाळणीत दुसऱ्या कुणाचा राहिलेला कण. चाळणी कोणी धुतली होती, असं मॅडमनी विचारलं. मी.

१४ मे
चाळणी चारदा धुतली. नवा तुकडा कुटला. बायकोला म्हटलं, आठ दिवस इकडेतिकडे. ती म्हणाली, ट्रकवाल्याला तारीख दिलीय.

२७ मे
नव्या तुकड्यातून आणखी चार धाकटे निघाले. सगळे बावन्न-त्रेपन्न कोटींचे. प्रस्तावना गेली, तीन प्रकरणं गेली. मॅडम म्हणाल्या, निकाल उत्तम आहे, तुला हवा तो नाही इतकंच. वर्षभराची मुदतवाढ मागायला सांगितलं.
घरी आलो. खोकी बांधून तयार. तिची सहा, चिमणीची तीन. माझं एकही नाही. तिने माझ्यासाठी खोकं आणलंच नव्हतं. मी न सांगताच तिला कळलं होतं, केव्हापासून कोण जाणे.

८ जून
चिमणीचा फोन. दगडाचं वय कळलं का, विचारत होती. सांगितलं, फार तर बावन्न कोटी. बापरे, एवढा जुना, असं ओरडली. आईलाही ओरडून सांगितलं. सात वर्षांत माझ्या दगडाला कुणी बापरे म्हटलं नव्हतं.
मग म्हणाली, कळलं ना, मग आता ये.
रविवारी सांगतो म्हणालो.
रविवारी काय सांगायचं ते ठरलेलं नाही.