मॅजेंटा येईना

४ मार्च, मंगळवार

“आधी उजेड पलीकडं जातोय का बघ, मग पाण्याचं बोल.”

दादांचं, माझ्या वडिलांचं, वाक्य. मी लहान होते. फवारणीच्या पंपाचं नोझल ते उन्हात धरायचे, एक डोळा मिटायचे, मग माझ्या हातात द्यायचे. आज दिवसभर तेच डोक्यात. आमच्या फ्लेक्सच्या मशीनचं नोझल तसं उन्हात धरता येत नाही ना! शाई उडवणाऱ्या एका हेडात शेकडो भोकं, केसाहून बारीक.

सासूबाईंचं चौदावं काल झालं. आज दुकानाचं शटर वर केलं. पहिलंच काम गावातल्या अमरसिंहच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सचं. छापून बाहेर आलं तर चेहरा हिरवागार! चार रंगांतला मॅजेंटा, म्हणजे गुलाबी, येतच नव्हता. अमरसिंह बघतच राहिला.

“वैनी, शुभेच्छा द्यायलाव का इख पाजायलाव?”

हसू आलं. मग कारण लक्षात आलं.

मशीन रोज थोडी तरी चालवावी लागते, नाहीतर शाई हेडातच वाळते. सुतकात मी एकदा म्हणाले होते – मागच्या दारानं जाऊन जरा चालवून येते. हे म्हणाले, “आईची राख निवली न्हाय अजून. मशीनचा आवाज रस्त्यापर्यंत जातो. ढोकीतली माणसं काय म्हणतील?”

तेही खोटं नव्हतं.

५ मार्च

लातूरच्या शरणबसप्पांना फोन केला. मशीन बसवल्यापासून दुरुस्ती तेच बघतात. “हेड गेलं वहिनी. नवीन टाका.” नवीन हेड आमच्या आवाक्यातलं नाही.

हे जेवताना म्हणाले, “भंगारात जाऊ दे. मी पुण्याला जातो. तुझा भाऊ वॉचमनचं काम बघतो म्हणलाय.”

मशीन गेली तर दुकान गेलं. दुकान गेलं तर मी दिवसभर काय करायचं, हे कुणीच बोललं नाही. कॉम्प्युटरवर फोटो लावणं, नावं टाईप करणं, फ्लेक्सच्या कडेला रिंगा ठोकणं – एवढं माझं. हेडला हात लावायची मुभा कधीच नव्हती.

“मला बघू द्या थोडे दिवस.”

“तू काय बघणार?”

“आत काय अडकलंय ते.”

ते भाकरी मोडत राहिले. “बिघडलेलंच हाय. आणखी काय बिघडंल? बघ.”

७ मार्च

वाळलेली शाई विरघळवायचं सोल्युशन सिरिंजमध्ये भरलं, मॅजेंटाच्या नळीला लावलं, दाबलं. दांडा जाईना. आणखी दाबणार तेवढ्यात वाटलं, विचारावं. शरणबसप्पा फोनवर ओरडलेच – “जोर लावू नका! आतला पडदा फाटला की खेळ खल्लास!”

सिरिंज खाली ठेवली आणि त्यांना विचारलं, आत असतं तरी काय?

ते हसले. “इतकी वर्षं ह्या धंद्यात हाय. हेड कवा मिळंल, कितीला मिळंल, सगळे इचारतेत. आत काय असतंय कुणी इचारलं न्हाय.” मग फुरसतीनं सांगितलं. प्रत्येक भोकामागं एक इवलीशी खोली. विजेनं तिची भिंत थरथरते, आणि तेवढ्या थरथरीनं थेंब उडतो.

म्हणजे शाईला कुणी ढकलत नाही! नुसती भिंत थरथरते! दिवसभर उगाचच आनंदात होते. भाजीत मीठ दोनदा पडलं.

८ मार्च

महिला दिनाचा फ्लेक्स धाराशिवहून छापून आला. लावला नेमका आमच्या दुकानासमोर.

१० मार्च

सासूबाईंच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्सही धाराशिवलाच छापावा लागला होता – आमचं शटर खाली. आज तो काढून आणला. सुई ओवताना त्या वापरायच्या ते भिंग त्यांच्या गालावर धरलं. गाल नाहीच! नुसते ठिपके. पिवळे, निळे, काळे, आणि सगळ्यांत जास्त गुलाबी. भिंग बाजूला केलं, हळूहळू मागं सरकले तर ठिपके एकमेकांत मिसळले आणि सासूबाई आल्या.

तीन-चारदा तसंच केलं. जवळ – कुणी नाही. लांब – आहेत. त्या घरात असताना मी त्यांना किती जवळून बघायची, असं वाटलं. खूप रडू आलं, पण वाईट वाटलं नाही.

११ मार्च

ढकलून होत नाही, तर ओढून? वाळलेलं पुढून सैल करायचं आणि आलेल्या वाटेनं मागं घ्यायचं. शरणबसप्पा म्हणाले, “करून बघा. पण सावकाश. लेकराच्या डोळ्यातलं कुसळ काढता तसं.”

हेडखाली सोल्युशननं ओलं केलेलं फडकं ठेवलं. खिडक्या उघड्या टाकल्या, वासानं डोकं उठतं. नळीवरून दांडा अगदी हळू मागं. काही नाही. पुन्हा ओलं, पुन्हा मागं.

ह्यांनी दारातून बघितलं. “कासवाची धार काढायलीस का?”

१३ मार्च, होळी

आला! नळीतून काळपट, दाट गाळ मागं आला, आणि त्यामागून गुलाबी. पुरण वाटायला बसले तर बोटं रंगलेली. हे म्हणाले, “अगं, धुळवड उद्या हाय.” खूप दिवसांनी आम्ही दोघं हसलो.

१५ मार्च

टेस्ट प्रिंट काढली. बारीक रेषांची शिडी येते – जी पायरी नसेल ते भोक बंद. आधी मॅजेंटाची शिडी नव्हतीच. आज दोन पायऱ्या सोडून सगळी! ह्यांनी कागद उजेडाकडं धरला, माझ्याकडं बघितलं. “सोडवलंस की गं.”

अमरसिंहचा फ्लेक्स पुन्हा छापला, फुकट. “आता कसा माणसात आलो!” म्हणाला.

कुणी शाबासकी दिली म्हणून नाही, पण आता उरलेल्या तीन हेडांचं काय चाललंय हेही बघावंसं वाटतंय.

१८ मार्च

ह्यांनी चालू मशीनचा व्हिडिओ काढला. कामं यावीत म्हणून गावभर पाठवणार असतील. मीच मशीनपाशी उभी राहून, “आता पिवळा बघा कसा येतोय,” असं सांगत होते.

२१ मार्च, शुक्रवार

व्हिडिओ जवळच्याच तेर गावच्या बब्रुवान भाऊंना गेला होता. त्यांचं तिथं छपाईचं दुकान आहे. आज आले, टेस्ट प्रिंट बघितली, मशीन घ्यायची ठरवून इसाराचे आगाऊ पैसे देऊन गेले. उद्या न्यायला टेम्पो.

मी म्हणाले, “चालू झाली ना आता?”

“चालू झाली म्हणूनच घेतली त्यांनी. बंद असती तर भंगारवाल्यानं नेली असती.” आवाज चढवला नाही. खुर्चीत बसून चप्पल काढत म्हणाले, “दोन वर्षं झाली, धंदा उतरतोय. मलाबी वाईट वाटायलंय. पण पुण्याचा पगार तरी ठरलेला.”

माझ्या हातानं चालू झाली, आणि म्हणूनच चालली.

२२ मार्च

टेम्पो दारात आहे. बब्रुवान भाऊ दोऱ्या आवळतायत. ‘बाईमाणूस, तेही रोज ढोकीहून?’ – ते असंच म्हणणार, आणि हे तर आधी माझ्यावरच डोळे वटारणार. तरी आत्ता बाहेर जाते आणि विचारते: भाऊ, मशीनबरोबर मलाही कामाला घेता का?